बंद खिडक्या आणि २० किलो बर्फ: नागपुरातल्या एका कूलरचं प्रकरण

प्रकरण नवतपातलं, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची एक अभ्यासिका आहे. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी एकच खोली. २८ खुर्च्या, समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या आणि कोपऱ्यात पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे राज्यसेवेचा अभ्यास करते. अकरावी-बारावीला मी तिला भौतिकशास्त्र शिकवलं, तेवढ्या हक्कानं तिचा फोन आला.

"सर, कूलर चालू आहे, पण नुसती चिपचिप होऊन राहिली. वहीचं पान हाताला चिकटते. आम्ही तर रोज बर्फपण टाकून राहिलो."

बर्फ म्हणजे मुलांनी वर्गणी काढून आणलेला, रोज दुपारी एक वाजता सुमारे २० किलो. पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. व्यवस्थापकाचं म्हणणं, कूलर जुना झाला, नवा घ्यावा लागेल. मिस्त्रीचं म्हणणं, पंप कमजोर आहे. मुलांचं म्हणणं, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणीच उकळतं येतं, तर कूलर बिचारा काय करणार. प्रत्येकाचं निदान वेगळं आणि प्रत्येकाच्या निदानात खर्च दुसऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला गेलो. दार उघडलं आणि चष्म्यावर हलकी वाफ धरली. नागपुरात मे महिन्यात चष्म्यावर वाफ! चष्मा बाहेरून आलेला, म्हणजे तापलेला. त्यावर वाफ धरायला नको होती. पण जिन्याच्या पाणपोईवर तोंड धुताना तो थंड पाण्याखाली धरला होता, हे नंतर आठवलं. तरी एरवी या दिवसांत थंड पाण्याच्या ग्लासावरसुद्धा थेंब धरायला वेळ लागतो. इथे काच पुसता पुसता पुन्हा धूसर होत होती. त्या खोलीत पाण्याची वाफ कोंडली होती, हे तिथेच कळायला हवं होतं. पण मी आधी पंपाच्या मागे लागलो, त्यात पाऊण तास गेला. पंप ठणठणीत होता. तिन्ही ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेल्या वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) जाळ्यांवर, पाण्याची धार पडत होती.

मग सोबत आणलेले दोन साधे तापमापक काढले. एकाच्या फुग्यावर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळून दोऱ्यानं बांधला आणि त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. हाच ओला-कोरडा तापमापक. ओल्या फुग्यावरचं पाणी उडून जाताना फुग्याची उष्णता सोबत नेतं, म्हणून त्याचा लाल धागा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितकं पाणी झपाट्यानं उडतं आणि दोघांतला फरक तितका मोठा. इथे मी आणखी एक चूक केली. ओला तापमापक नुसता टेबलावर ठेवून आकडा घेतला. त्याच्यावर पंख्याचा झोत हवा, नाहीतर फडक्याभोवतीची हवा दमट होऊन बसते आणि आकडा चढा येतो. मोजण्यात चूक कोणाचीही होते. ३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या, आणि मग संवेदकच बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. मी आपला टेबलफॅन मागवला.

आता आकडे आले ते असे. खोलीत कोरडा तापमापक ३६, ओला २९. कूलरच्या तोंडाशी निघणारी हवा ३२. गॅलरीच्या सावलीत कोरडा ४३ आणि ओला साडेबावीस.

या चार-पाच आकड्यांत सगळं प्रकरण आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कूलर उष्णता नाहीशी करत नाही. ताटीवरचं पाणी द्रवाचं वायू होतं, त्यासाठी लागणारी ऊर्जा ते जवळून जाणाऱ्या हवेकडून घेतं, आणि हवा थंड होते. ती ऊर्जा वाफेत जाऊन बसते, तापमापकाला दिसत नाही. म्हणून आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १७६०च्या दशकात ग्लासगोत हेच दाखवलं होतं: वितळणारा बर्फ उष्णता घेत राहतो, तरी त्याचं तापमान चढत नाही. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर पैसे खर्च झालेले नाहीत, कणकेच्या डब्यातून काढून डाळीच्या डब्यात लपवले आहेत. बाहेरची हवा आत घेऊन दुसऱ्या खिडकीतून सोडून दिली, तर डाळीचा डबा घराबाहेर जातो. खिडक्या बंद असल्या, तर दोन्ही डबे घरातच.

हवेत वाफ मावायला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेकडे हवा जसजशी सरकते तसतसं ताटीवरचं पाणी उडेनासं होतं. ओला तापमापक दाखवतो तो आकडा म्हणजे त्या हवेपुरता कूलरचा तळ. कितीही महाग कूलर आणा, पाणी उडवून त्याच्या खाली जाता येत नाही. खोलीतल्या हवेचा तळ होता २९. बाहेरच्या हवेचा साडेबावीस. म्हणजे गॅलरीतली ४३ अंशांची तापलेली हवा कूलरसाठी खोलीतल्या ३६ अंशांच्या हवेपेक्षा कितीतरी चांगला माल होती, आणि तीच बाहेर ठेवायला सगळ्या खिडक्या कड्या लावून बंद केल्या होत्या.

खोलीतली हवा इतकी दमट झाली कशानं? कूलर स्वतः, हे एक. दुसरं कारण खुर्च्यांवर बसलेलं होतं. बसून वाचणारा माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. त्वचा ३५ अंशांच्या आसपास आणि हवा ३६, तेव्हा ती उष्णता नुसत्या हवेला देता येत नाही. जवळजवळ सगळी घाम उडवूनच द्यावी लागते. हिशेब केला तर माणशी तासाला १५० मिलीलिटर घाम. २८ जणांचा चार लिटरच्या वर. आणि कूलरचं पाणी किती उडत होतं? टाकीचा तळ ६० गुणिले ६० सेंटीमीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ३.६ लिटर गेले. टाकीच्या आत खडूनं रेघ मारली, तासाभरानं पाहिलं. पातळी १.२ सेंटीमीटर उतरली होती. म्हणजे चार लिटर आणि थोडं. त्या बंद खोलीत मुलं कूलरइतकंच पाणी हवेत सोडत होती, आणि पुढच्या घामाला उडायला जागा उरत नव्हती. वहीचं पान हाताला चिकटत होतं ते त्यामुळे.

व्यवस्थापकाला हे पटवणं सोपं नव्हतं. "बाहेर त्रेचाळीस आहे सर, झळा लागून राहिल्या. ती हवा आत घ्या म्हणता?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एसीला नेमकं उलटं लागतं, खिडक्या घट्ट बंद. आणि आता घरोघरी एसी आल्यामुळे लोक कूलरलाही एसीचे नियम लावतात. जुन्या नागपूरकराला हे सांगावं लागलं नसतं. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना बाहेरून टांगायचे आणि त्यांतून येणारी लूच गार करून घ्यायचे. कूलरही मागच्या वर्षीपर्यंत खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवरच होता. खाली पाणी गळतं म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि तो आत आला. मुख्य बिघाड हाच.

त्याच संध्याकाळी चार मुलांनी कूलर उचलून परत स्टँडवर नेला. गळती पाहिली तर टाकी फुटलेली नव्हती, ताट्या खाली सुटून त्यांवरचं पाणी बाहेर निथळत होतं. तारेनं ताट्या आवळल्या, खाली पत्र्याची पन्हाळ लावली. मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घेतलं, ते मात्र मी आग्रहानं केलं; दर उन्हाळ्यात नागपुरात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि कित्येकदा पाणी भरताना प्लग काढलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या भिंतीच्या खिडक्या उघडल्या. किती उघडायच्या याचाही अंदाज बांधता येतो. असा कूलर तासाला अडीच-तीन हजार घनमीटर हवा ढकलतो. तेवढी हवा सेकंदाला मीटरभर वेगानं बाहेर पडायची तर पाऊण चौरस मीटर वाट हवी. दोन खिडक्यांचं एकेक तावदान पुरलं. खोली १६२ घनमीटरांची, म्हणजे साडेतीन-चार मिनिटांत सगळी हवा बदलते.

कूलरच्या तोंडाशी आकडा आला ३१. आदल्या दिवशी ३२ होता. फक्त एका अंशाचा फरक, आणि व्यवस्थापकानं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. पण मुलं बोलायला लागली होती. पाठीला चिकटलेले शर्ट सुटले होते. आदल्या दिवशीची ३२ अंशांची हवा ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची होती, आजची ३१ अंशांची पन्नासच्याही आत. तापमापकाला त्या दोन्ही हवा सारख्याच वाटतात. घामाला तसं वाटत नाही.

तरी ३१ वर माझं समाधान नव्हतं. तळ साडेबावीस असताना ३१ म्हणजे कूलर निम्म्यापेक्षा थोडंच अधिक काम करतोय. इथे मिस्त्रीचा पंप नाही, पण ताट्या दोषी सापडल्या. वुडवूल हातानं दाबलं तर मऊ लागायला हवं. इथे ते वाळल्या पापडासारखं कडकड मोडलं आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. अभ्यासिकेला बोअरचं पाणी आहे. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरला आणि दिवसाला दीडशेच्या आसपास लिटर पाणी उडालं, तर रोज सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम. दहा दिवसांत पाऊण किलो, आणि टाकीतलं पाणी कधी बदललंच नाही तर ते सगळं टाकीत आणि ताटीत. क्षाराचा थर बसलेल्या ताटीवर पाणी पसरत नाही, ठरलेल्या दोन-तीन वाटांनी ओघळून जातं. मधला कोरडा भाग हवा तशीच गरम आत सोडतो. टॉर्च मारून पाहिलं तर ओले आणि कोरडे पट्टे स्पष्ट दिसत होते.

नव्या ताट्या आल्या. नव्या कूलरच्या मानानं खर्च काहीच नाही. निघणारी हवा २८ वर आली. खडूची रेघ तासाला ५ सेंटीमीटर उतरायला लागली, म्हणजे १८ लिटर. पाणी उडायला या तापमानाला किलोमागे सुमारे २४४० किलोज्यूल लागतात, तेव्हा तासाला जवळपास ४४ हजार किलोज्यूल, म्हणजे १२ किलोवॅट. पंखा आणि पंप मिळून वीज खातात त्याच्या कितीतरी पट. कोणी लगेच "म्हणजे साडेतीन टनाचा एसी!" म्हणालं. तसं नाही. त्यातला मोठा वाटा बाहेरची ४३ची हवा खोलीत बसण्याजोगी करण्यातच जातो. हवा २८ला आत येते, मुलांची आणि तापलेल्या स्लॅबची उष्णता घेऊन ३२-३३ला बाहेर पडते. खोलीला खरा उपयोग त्या चार-पाच अंशांचाच, म्हणजे साधारण तिसऱ्या हिश्शाचा. मागच्या रांगेत ३२ होतं. थंडगार नव्हेच. पण तीन तास बसून वाचता येत होतं.

आता बर्फाचं. पाठ्यपुस्तकात दोन आकडे असतात, वितळणाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी आणि बाष्पनाचा ५४०. मुलांनी ते पाठ केलेले होते, दोन गुणांसाठी. त्यातही ५४० हा आकडा १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा. ताटीवर २५-३० अंशांना उडणाऱ्या पाण्यासाठी तो ५८०च्या आसपास असतो. २० किलो बर्फ वितळून त्याचं पाणी २९ अंशांपर्यंत येईतो साधारण ९ हजार किलोज्यूल घेतं. तेवढंच काम पावणेचार लिटर पाणी उडून जाताना करतं, आणि नीट लावलेला कूलर ते बारा-तेरा मिनिटांत करतो. शिवाय पाणी गार केलं की ते कमी उडतं, म्हणजे बर्फ एका हातानं देतो त्यातलं थोडं दुसऱ्या हातानं काढून घेतो. बंद खोलीत त्यानं बरं वाटत होतं हे खरं, कारण तिथे २९च्या खाली जायला बर्फाशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

आणि काळ्या टाकीचं उकळतं पाणी? मोजलं, ४५ अंश. कूलरच्या टाकीत सुमारे १०८ लिटर मावतं. ते ४५वरून २५वर यायला काढावी लागणारी उष्णता पुन्हा ९ हजार किलोज्यूल, योगायोगानं बर्फाएवढीच. म्हणजे रोज वर्गणी काढून आणलेला बर्फ गच्चीवरच्या टाकीनं घातलेली उष्णता तेवढी काढत होता, बाकी काही नाही. ते कामही कूलर पहिल्या पाव तासात आपलं आपण करतो. चालू कूलरच्या टाकीतलं पाणी तासाभरानं ओल्या तापमापकाच्या आकड्याजवळ येऊन थांबतं, भरताना ते कसंही असो. बंद खोलीत ते २९-३० होतं, आता २३. तापमापक नसेल त्यानं प्लग काढून टाकीत हात घालून पाहावा: पाणी माठातल्यासारखं लागलं तर कूलरला हवी ती हवा मिळते आहे. माठही दुसरं काय करतो? नवा माठ चांगला, जुन्याची छिद्रं क्षारानं बुजतात, हे घरच्या बाईला माहीत असतं. ताट्यांचं दुखणं तेच.

स्लॅबचा प्रश्न राहिलाच होता. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला सुरुवात केली, थोडा फरक पडला. पाण्याच्या टंचाईत ते मला फारसं पटलं नाही, बंद करायला सांगितलं. कूलरचं पाणी मात्र आठवड्यातून दोनदा पूर्ण काढायचं ठरलं. क्षारासाठी, आणि डेंग्यूच्या डासांसाठीही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात त्यांची पैदास होते.

माझ्या विद्यार्थिनीनं ते दोन्ही तापमापक ठेवून घेतले. एकाला ओलं फडकं बांधून दोन्ही गॅलरीच्या दाराला टांगले आणि सूचनाफलकावर तीन रकाने आखले: कोरडा, ओला, फरक. रोज दुपारी दोनला कोणीतरी भरतं. मेअखेरीस फरक २०-२१ असायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग यायला लागले तसा तो १२, मग ९. पावसाच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा फोन आला, कूलर पुन्हा बिघडला का म्हणून. मी म्हटलं, फलक पाहून सांग. ३२ आणि २८. फरक चार.

"म्हणजे कूलर फार तर तीन अंश उतरवेल," ती म्हणाली. "आणि वाफ घालेल ती वेगळीच."

"मग?"

"पंप बंद करते. नुसता पंखा चालू ठेवते."

फलकावर त्या तारखेपुढे तिनं तेवढंच लिहिलं: पंप बंद. त्याखाली दुसऱ्या कोणीतरी, बहुधा वर्गणी गोळा करणाऱ्यानं, बर्फाचे शिल्लक पैसे किती ते लिहिलं होतं आणि विचारलं होतं, समोसे मागवायचे का.